उलटं टांगलेलं मशीन

आप्पांच्या हातून राउटर, लाकडाच्या कडा गोल करायचं हातमशीन, निसटला तो सकाळी, काम नुकतंच सुरू झालं असताना. त्यांची थोरली लेक दाराशी बसून एका पट्टीला काचकागद घासत होती. पाठीमागे मशीन एका सुरात चाललं होतं आणि मध्येच त्याचा आवाज असा चिरकला, की तिचा हात जागच्या जागी थांबला. वळून बघते तर आप्पा दोन पावलं मागे सरकलेले, राउटर बाकावर आडवा पडून स्वतःभोवती गरगरतोय, आणि त्याचं पातं बाकाच्या फळीला टोचे मारतंय. ती धावली. भिंतीवरचं बटण तिनं तळहातानं हाणलं.

मशीन थांबलं. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"गाठ होती लाकडात," ते म्हणाले.

थोरलीनं पट्टी उचलून उजेडात धरली. अर्ध्यापर्यंत कड सुरेख गोल झालेली, बोट फिरवलं तर कुठे अडू नये अशी. तिथून पुढे कुत्र्यानं लचका तोडावा तसा खड्डा. गाठ कुठेच नव्हती. आप्पांनी स्वतः निवडून आणलेलं लाकूड होतं ते, त्यात गाठ असती तर वखारवाल्याची धडगत नव्हती.

"असेल," ती म्हणाली, आणि पट्टी जळणाच्या ढिगात टाकली.

असेल म्हणाली खरी, पण तिला पटलं नव्हतं. गेले काही महिने ती पाहत होती. आप्पा चहा अर्धाच कप घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, जास्त झाला की पित्त होतं. खिळे हातानं वेचण्याऐवजी लोहचुंबकानं उचलायचे. गिऱ्हाइकासमोर माप घ्यायची वेळ आली की म्हणायचे, "पोरीकडून घ्या, तिची नजर तरणी आहे." नजर तर त्यांचीही अजून ससाण्यासारखी होती. हात कापायला लागले होते. आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, थोरलीला तर नाहीच.

आई गेल्यावर थोरलीनं दारं-खिडक्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि ती आप्पांच्या सुतारखान्यात उभी राहिली. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. लोकांनी दोन-चार वर्षं विचारून पाहिलं आणि मग नाद सोडला. धाकटी मात्र संसाराला लागली होती आणि आता तिला दिवस होते. तिच्या बाळासाठी आप्पांनी खाट करायला घेतली होती, चारी बाजूंनी कठडा असलेली. कठड्याचे गज, वरच्या पट्ट्या, खालच्या पट्ट्या, सगळ्यांच्या कडा गोल करायच्या होत्या. बाळ त्या तोंडात घालणार, त्यावर डोकं आपटणार, त्याला धरून उभं राहणार. तिथे एकही धारदार कोपरा चालणार नव्हता.

त्या संध्याकाळी थोरलीनं एक जुनी जाड फळी भिंतीकडून ओढून काढली आणि तिच्या मधोमध भोक पाडायला घेतलं.

"हे काय आता?" आप्पांनी विचारलं.

"टेबल."

"ते दिसतंय मला. भोक कशाला?"

"राउटर खालून उलटा टांगायचा. पातं तेवढं भोकातून वर."

आप्पा हसले. "उलटा टांगायला ते वटवाघूळ आहे का?"

"कारखान्यात होतं असं. हातात मशीन धरून लाकडावर फिरवायचं नाही. मशीन जागेवर पक्कं, आणि लाकूड आपण त्याच्यावरून सरकवायचं. बारक्या पट्ट्यांना हेच बरं पडतं."

"जन्म गेला माझा मशीन हातात धरण्यात."

"माझा नाही गेला. माझी मनगटं दुखतात."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुझी," ते म्हणाले.

"हो, माझी."

मग हात काखेत दडपून उभे राहिले आणि तिचं काम बघू लागले. हल्ली ते असेच उभे राहायचे.

टेबल व्हायला तिला चारेक दिवस लागले, कारण तिनं कुठेही घाई केली नाही. फळीच्या भोकावर पत्र्याची जाड चकती बसवली, ती फळीशी इतकी सपाट, की नख अडू नये. चकतीला खालून राउटर स्क्रूंनी जखडला. वर एक सरळसोट आडपट्टी उभी केली, लाकडाला टेकायला. तिच्या मधोमध खाच ठेवली, पातं त्या खाचेत अर्धं लपेल अशी. लाकूड आडपट्टीला दाबून धरायला एका फळीच्या टोकाला करवतीनं फणीसारखे दात काढले. लाकूड पुढे जाताना ते दात वाकतात, पण मागे यायला बघितलं तर अडवतात. शेवटी हाताऐवजी लाकूड ढकलायला दोन मुठीच्या पाट्या केल्या, खालून रबर चिकटवलेल्या.

एक गोष्ट मात्र राहिली. राउटरचं स्वतःचं बटण आता टेबलाखाली गेलं होतं, तेही मागच्या अंगाला. बंद करायचं तर वाकून, फिरत्या यंत्राशेजारी हात घालून चाचपावं लागणार. टेबलाच्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या उंचीवर एक मोठं लाल बटण हवं होतं. हात गुंतलेले असले तरी गुडघ्यानं दाबता येईल असं. त्यासाठी वायरमनला निरोप गेला होता. त्या वायरमनला सगळे 'उद्या' म्हणायचे. कारण उघड होतं. तोवर मशीन उजवीकडच्या भिंतीतल्या बिनबटणाच्या प्लगवर चालणार होतं.

"बटण बसेपर्यंत एकट्यानं कुणी चालवायचं नाही," थोरलीनं सांगितलं. "एकानं लाकूड ढकलायचं, दुसऱ्यानं प्लगपाशी, लाकडाच्या वाटेतून बाजूला उभं राहायचं. तुम्हीही एकटे नाही आणि मीही नाही."

"बरं," आप्पा म्हणाले.

त्यांचं 'बरं' घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. 'बरं' म्हणजे ऐकलं. मानलं की नाही, ते नंतर कळायचं.

तिनं त्यांना सगळं करून दाखवलं. पातं बदलायचं तर आधी प्लग काढून टेबलावर ठेवायचा, डोळ्यांना दिसेल असा. पात्याचा दांडा राउटरच्या तोंडातल्या भोकात पार तळापर्यंत घालायचा, मग बोटाच्या जाडीइतका नाही, पण काडीच्या जाडीइतका वर ओढायचा. तळाला टेकलेला राहिला तर नट आवळलं गेल्यासारखं वाटतं, पण दांड्यावर पकड बसत नाही. मग दोन लोखंडी पाने, एक मशीनचा आस धरायला, दुसरा नट आवळायला, आणि पूर्ण ताकद. लाकूड उजवीकडून डावीकडे. पातं त्याला उलट उजवीकडे रेटत असतं, म्हणून ते आपल्या ताब्यात राहतं. हात सुटले तर लाकूड उजवीकडे फेकलं जाणार, तेव्हा उजव्या टोकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

"मला काय पहिलीच्या वर्गात घातलंयस?" आप्पा म्हणाले. पण ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "एकदम पूर्ण खोल नाही ना घ्यायचं?"

"नाही. आधी थोडं, मग पातं वर चढवून आणखी थोडं."

"एवढं मलाही कळतं," ते समाधानानं म्हणाले.

आप्पा प्लगपाशी, रेषा सोडून उभे राहिले आणि तिनं एक टाकाऊ तुकडा चालवून बघितला. कड अशी निघाली की तिलाच हसू आलं. आप्पांनी तुकडा घेतला, खिडकीशी नेला, अंगठा फिरवला. मग खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. पोट सांभाळत, जिन्याची पायरी चुकावी तशी डुलत चालत होती. आप्पांनी तिच्यासाठी स्टूल पुसलं, ते पुन्हा पुसलं.

"डॉक्टर म्हणाल्या, कधीही," ती म्हणाली. "लवकरही होऊ शकतं. खाट कुठवर आली?"

थोरलीनं तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "झालीच म्हण. कडा तेवढ्या राहिल्यात."

"सासूबाई म्हणत होत्या, दुकानातून आणू. मी म्हटलं, छे. आप्पांच्या हातची येणार आहे." तिनं आप्पांचा हात धरायला हात पुढे केला. आप्पा नेमके त्याच वेळी पट्ट्या मोजायला वळले.

थोरलीनं ते पाहिलं. धाकटीनं पाहिलं नाही.

जाताना थोरली तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. बस लवकर येईना. धाकटी बाळाच्या नावांबद्दल बोलत होती, तिच्या नवऱ्यानं सुचवलेली नावं कशी एकापेक्षा एक भयंकर आहेत ते सांगत होती. थोरली हसत होती, पण मन सुतारखान्यात होतं. आप्पा 'झालीच म्हण' म्हणाले होते, आणि तो सूर तिला बरा वाटला नव्हता. बस आली, धाकटी चढली, आणि थोरली नेहमीपेक्षा भराभर चालत परतली.

गल्लीच्या तोंडाशीच तिला आवाज आला. राउटर चालू होता.

आधी तिला संताप आला. मग चार पावलांवर संताप गळून पडला, कारण आवाज बरोबर नव्हता. लाकूड कापताना पात्याचा एक घुमारा असतो, भरल्या घागरीसारखा. हा आवाज खडखडत होता, मध्येच दबत होता, मध्येच किंचाळत होता. ती पळाली. दारात मात्र तिनं स्वतःला आवरलं. चौकट दोन्ही हातांनी धरून थांबली.

आप्पा टेबलासमोर उभे होते. डोळ्यांवर जाड चष्मा, कानांवर आवाज अडवणारे गोळे, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. एकट्याला पाळता येण्यासारखे बहुतेक नियम त्यांनी पाळले होते. फणी मात्र लावलेली नव्हती आणि मुठीच्या पाट्या मागे बाकावर तशाच पडल्या होत्या. खाटेची एक लांब पट्टी अर्धी पुढे गेलेली आणि तिथेच अडकलेली. डावा पंजा पट्टीवर, पात्याच्या पलीकडे, दाबून धरलेला. उजवा मागून ढकलून धरलेला. आणि पट्टी थरथरत होती, तेही नुसत्या हातांमुळे नव्हे. पातं खालून वर सरकत चाललं होतं, लाकडात खोल घुसत होतं, आणि पट्टीला टेबलावरून उचलू पाहत होतं.

नट ढिलं होतं. थोरलीला ते तिथूनच कळलं.

आप्पांना पुढे ढकलता येत नव्हतं, कारण पातं फार खोल गेलं होतं. मागे घेता येत नव्हतं. सोडता तर मुळीच येत नव्हतं. हात सैल पडला की पट्टी उजवीकडे फेकली जाणार, आणि तिच्यावर भार टाकून असलेला डावा पंजा सरळ पात्यावर पडणार. बटण टेबलाखाली. त्यासाठी एक हात सोडावा लागला असता. ते किती वेळ असे उभे होते कोण जाणे. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या.

थोरलीच्या तोंडात हाक आली होती. ती तिनं गिळली. कानांवर गोळे होते, हाक पोचली नसती. आणि पोचली असती तर ते दचकले असते. दचकणं त्यांना परवडणारं नव्हतं.

प्लग उजव्या भिंतीत. म्हणजे नेमका पट्टीच्या रेषेत.

ती आधी डावीकडून, हळूहळू, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आली. मांजर बिथरू नये म्हणून चालावं तशी. आप्पांची नजर वर झाली. चष्म्याआडचे डोळे तिनं जन्मात असे पाहिले नव्हते. तिनं दोन्ही हात पुढे करून हवेत दाबल्यासारखं केलं: धरून ठेवा. मग प्लगकडे बोट केलं.

आप्पांचे ओठ हलले. आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ते काय म्हणाले ते तिला कळलं. नको. तिकडून नको.

ती खाली बसली. टेबलाच्या फळीपेक्षा डोकं खाली ठेवून, भुशातून गुडघ्यांवर रांगत उजवीकडे सरकली. डोक्यावर मशीन किंचाळत होतं. टेबलाखालून तिला राउटरचं पोट दिसत होतं, हादरणारं, आणि त्याच्या अलीकडे आप्पांचे पाय. डाव्या पायाची टाच उचलली जात होती, टेकत होती, उचलली जात होती. त्यांचा जोर संपत आला होता. तिला वाटलं खालच्या बटणालाच हात घालावा, ते हाताच्या अंतरावर होतं. पण नट ढिलं असताना ते पातं कधी आणि कुठे उडेल याचा नेम नव्हता. ती पुढे सरकली. भिंत लागली. आता हात वर करायला हवा होता, आणि हात वर केला की तो पट्टीच्या रेषेत येणार होता.

तिनं वर बघितलं नाही. भिंतीवरून पंजा सरकवत नेला, वायर हाताला लागली, तिच्या आधारानं प्लगपर्यंत पोचली आणि तो उपटला.

किंकाळी लगेच थांबली नाही. ती उतरत गेली. थोरली वायर हातात धरून उठली आणि आप्पांसमोर पंजा उभा धरला: थांबा, अजून नाही. पातं धूसर होतं, मग त्याच्या धारा दिसायला लागल्या, मग एकेक धार मोजता येईल इतकं मंदावलं, आणि लाकडात अडकून थांबलं.

"आता सोडा," ती म्हणाली, आणि त्यांच्या कानांवरचे गोळे काढून पुन्हा म्हणाली, "सोडा आप्पा. थांबलंय."

त्यांना सोडता येईना. बोटं पट्टीला चिकटल्यासारखी झाली होती. तिनं एकेक बोट उकललं, आधी डाव्या हाताचं, मग उजव्या. स्टूल ओढून त्यांना बसवलं. ती स्वतः भुशातच बसली.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नट आवळलं होतं मी," शेवटी आप्पा म्हणाले.

"कशानं?"

"पान्यानं."

"दोन्ही पान्यांनी?"

आप्पा खाली बघत राहिले. हात मांडीवर होते, लपवलेले नव्हते, आणि थरथरत होते. दमल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त. "दोन पाने एकदम धरवत नाहीत मला. एक धरला की दुसरा नाचतो. नटावरून घसरतो." ते थांबले. "म्हटलं, एवढं पुरे."

"आणि मुठीच्या पाट्या?"

"त्याही नाचतात. लाकडाला तरी हात चिकटून राहतो असं वाटलं."

थोरलीला खूप काही बोलायचं होतं. हात गेला असता, जीव गेला असता, मी बसची वाट बघत हसत उभी होते. ती एवढंच म्हणाली, "मी परत आल्यावर मला हाक मारायची होती. तासाभरात येणारच होते मी."

"तुला हाक मारली की तुला कळलं असतं."

"मला कळलेलं आहे आप्पा. कधीचं."

त्यांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाठ म्हणालात."

आप्पांनी तोंडावरून हात फिरवला. चेहऱ्यावरच्या भुशात ओला पट्टा उमटला. "तुझी आई होती तेव्हापासून आहे. तेव्हा बारीक होतं. तिला मी सांगितलं होतं. ती म्हणायची, डॉक्टरकडे चला. मी म्हणायचो, जाऊ. मग तिचंच दुखणं निघालं आणि माझं राहून गेलं." मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतील, काम बंद करा. मग मी काय करू? खिडकीत बसून रस्ता मोजू?"

"काय म्हणतील ते तुम्हीच ठरवून टाकलंत."

"टेबल माझ्यासाठीच केलंस ना?"

"हो."

"मनगटं दुखतात म्हणे," आप्पा पुटपुटले. त्यात राग नव्हता.

तेवढ्यात दारात 'उद्या' उभा राहिला, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन. "बटण बसवायचं होतं ना? म्हटलं, आलोच होतो इकडे." भुशात बसलेली थोरली आणि पांढरेफटक आप्पा बघून तो दारातच घुटमळला. "वेळ चुकली का माझी? उद्या येऊ?"

"आत ये," दोघंही एकदम म्हणाले.

लाल बटण बसलं. त्यानं गुडघ्यानं दाबून चार वेळा दाखवलं आणि चहा घेऊन तो गेला. थोरलीला वाटलं होतं, आज टेबलाकडे कुणी फिरकणार नाही. पण आप्पा उठले आणि मशीनखाली वाकून बघू लागले.

"आज राहू द्या," ती म्हणाली.

"आज राहिलं तर मी पुन्हा याला हात लावणार नाही. मला माहीत आहे माझं."

तिलाही ते माहीत होतं. तिनं प्लग टेबलावर, दोघांना दिसेल असा ठेवला. अडकलेली पट्टी काढली. ती गेलीच होती. आप्पा एकेक सांगत गेले आणि ती करत गेली: पातं काढ, दांडा पूस, भोकातला भुसा फुंक. तळापर्यंत घाल. आता काडीभर वर. तिनं दोन पाने लावले आणि आवळलं.

"अजून," आप्पा म्हणाले.

तिनं दात-ओठ खाऊन आवळलं.

"आता बास. नाहीतर परत निघायचं नाही."

पातं कमी उंचीवर घेतलं. आडपट्टी पक्की केली. फणी लावली, आणि आप्पांच्या सांगण्यावरून वरून दाबणारी आणखी एक फणी लावली. कारखान्यात तशी नव्हती. पातं हातानं एकदा फिरवून बघितलं, कुठे घासत नाही ना. मग आप्पांनी मुठीच्या पाट्या घेतल्या. त्या खरंच नाचत होत्या, टेबलावर टकटक वाजत होत्या. थोरली त्यांच्या डाव्या हाताला, गुडघा बटणाशी ठेवून उभी राहिली.

मशीन सुरू झालं. आप्पांनी पट्टीचं टोक आडपट्टीला टेकवलं, फणीच्या दातांखाली सरकवलं, पाट्या दाबल्या. टकटक थांबली. हात अजून कापत होते, तिला खांद्यापाशी ते दिसत होतं. पण पट्टी दोन्ही बाजूंनी धरलेली होती, तिला हलायला जागाच नव्हती. पात्याचा घुमारा भरीव झाला. पट्टी वितभर पुढे गेली, आणखी वितभर. मध्येच आवाज किंचित बदलला आणि थोरलीच्या गुडघ्यानं तिला न विचारता बटण दाबलं.

मशीन थांबलं. आप्पा तिच्याकडे बघत होते.

"आवाज बदलला," ती म्हणाली.

"रेषा वळली लाकडाची. इथे बघ." त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "बरोबर चाललं होतं."

तिनं प्लग काढून नट तपासलं. तसूभर हललं नव्हतं. "मला भीती वाटतेय," तिनं सांगून टाकलं.

"मलाही वाटतेय," आप्पा म्हणाले. "पण तू दाबलंस ते बरं केलंस. पुन्हा वाटलं तर पुन्हा दाब. मी रागावणार नाही."

त्या पट्टीला तिनं बटण आणखी एकदा दाबलं. पुढच्या पट्टीला नाही.

संध्याकाळी उजेड उतरला तेव्हा त्यांनी काम आवरलं. सगळ्या पट्ट्या झाल्या नव्हत्या. उरलेल्या पुढचे काही दिवस दोघं मिळून करत राहिले, ती नट आवळायची आणि ते लाकूड ढकलायचे. मधल्या काळात थोरलीनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. आप्पांनी रांगेत बसल्या बसल्या दवाखान्याच्या बाकाचा सांधा ढिला असल्याचं शोधून काढलं आणि ते आधी डॉक्टरांना तेच सांगत बसले. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला. काम बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत. गोळ्या दिल्या, फरक थोडाच पडेल म्हणाल्या, आणि हातात धरून चालवायची मशीनं मात्र सोडा म्हणाल्या. आप्पा "बरं" म्हणाले. थोरलीनं त्यांच्याकडे बघितलं. "मानलं," ते म्हणाले.

खाट जोडून झाली तेव्हा धाकटीला बोलावलं. तिनं कठड्यावरून हात फिरवला, वाकून गाल टेकवला, आणि तिला रडू यायला लागलं. हल्ली तिला कशानंही यायचं.

"हे बघ," आप्पा तिला म्हणाले, "तुला एक सांगायचंय." आणि हात काखेतून काढून तिच्यासमोर धरले. "हे असे कापतात. बऱ्याच दिवसांपासून. खाट मी केली, पण ती एकट्याच्या हातची नाही. तुझ्या ताईनं टेबल केलं नसतं तर झाली नसती. आणि एका दुपारी मी मूर्खपणा केला, तो ती तुला सांगेल." ते थोरलीकडे वळले. "मी नसताना सांग गं."

धाकटीनं एकदा त्यांच्या हातांकडे बघितलं, एकदा थोरलीकडे. मग डोळे पुसले. तिनं आप्पांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. या वेळी ते वळले नाहीत.

"बाळाला घ्याल ना पण?" तिनं विचारलं.

आप्पांनी जरा विचार केला.

"बसून घेईन," ते म्हणाले. "मांडीवर उशी ठेवून. आणि तुम्हा दोघींपैकी एकीनं शेजारी उभं राहायचं."